लांबून आलेल्यांचा तक्ता

केंद्राच्या दारावर इंद्रधनुष्य काढलं होतं. रंगवताना जांभळा रंग संपला, म्हणून शेवटचा पट्टा तपकिरी मारला होता, आणि आठ वर्षं तो तपकिरीच राहिला होता. आत भिंतीवर ‘तू जसा आहेस तसा ये’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मुलींनी कसं यायचं ते लिहायला भिंत पुरली नसावी. एलजीबीटीक्यू मुलामुलींच्या आधारासाठी काढलेलं हे केंद्र संचालकांच्या दृष्टीने मुख्यतः फोटो काढायची जागा होती. पाहुणा आला की साहेब कात्री घेऊन हजर. पाण्याचं नवं मशीन बसवलं तेव्हासुद्धा त्याला फीत बांधून कापली होती. त्यांना ‘फीतकापे’ हे नाव टेबलावर बसणाऱ्या बाईंनी दिलं, आणि त्या बाईंना ‘चिमटी’ हे नाव केंद्रातल्या बाकी सगळ्यांनी मिळून दिलं होतं.

चिमटीबाईंचं काम सांगायला सोपं होतं. दारातून येईल त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, कागद भरून घ्यायचा आणि योग्य माणसाकडे पाठवायचं. हे त्या चोख करत. केंद्राने छापलेल्या मदतीच्या यादीत चौदा पत्ते होते, त्यातले पाच बंद पडलेले आणि एक चक्क चपलांचं दुकान. ती यादी बाई भिंतीवर लावत आणि स्वतःची यादी ड्रॉवरमध्ये ठेवत. कुठला डॉक्टर भलते प्रश्न विचारत नाही, कुठल्या वसतिगृहात ट्रान्स मुलीला खोली देताना कोणी नाक मुरडत नाही, कुठला वकील पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही, सगळं तिथे होतं. कुणाचे आईबाप हुंगत हुंगत आले, ‘आमची मुलगी इथे येते का हो?’ म्हणाले, की बाई त्यांना अशा काही नजरेने बघत की ते जिन्यापर्यंत उलटे चालत जात.

पण बाईंना कुणाविषयीच आदर नव्हता, हेही खरं. संचालक मठ्ठ, समुपदेशक नुसतं हं-हं करणारी, आणि येणारी पोरंही त्यांच्या मते एकजात भित्री. कोणी ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणून यायची, कोणी तीनदा येऊन बाथरूम कुठे आहे एवढंच विचारून जायचा. एकाने तर नाव विचारल्यावर समोरच्या कॅलेंडरवरच्या कंपनीचं नाव सांगितलं होतं.

हे सगळं बाई रविवारी घरी सांगत. रविवारी दुपारी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि तिची तीन मुलं जेवायला येत. बाईंचा नवरा आणि दोन मुलं धरून टेबलाभोवती नऊ माणसं होत. भाजीचं भांडं फिरलं की मेहुणे म्हणत, “हं, या आठवड्यात काय नवीन?” आणि बाई सुरू होत. खांदे पाडून, ओढणीचं टोक चावत, अडखळत त्या अशी हुबेहूब नक्कल करत की मेहुण्यांना ठसका लागे.

“अगं, पण असं सांगायचं असतं का?” बहीण एकदा म्हणाली होती.

“नाव घेतलं का मी कुणाचं? घेतलं असेल तर सांग.”

नाव त्यांनी खरंच कधी घेतलं नव्हतं, आणि तेवढ्यावर त्या निर्धास्त होत्या. गोपनीयता म्हणजे नाव न घेणं, इतकी ढोबळ समजूत आठ वर्षं त्या टेबलावर बसूनही त्यांची राहिली होती. फीतकाप्यांना मठ्ठ म्हणणाऱ्या बाईंना स्वतःचा मठ्ठपणा मात्र दिसला नव्हता.

दर तीन महिन्यांनी दोन तासांवरच्या दुसऱ्या गावातल्या केंद्राकडून एक तक्ता येई. आपलं जवळचं केंद्र सोडून तिथे कोण गेलं, त्यांची यादी. नाव नाही, मुलगा की मुलगी ते नाही. फक्त वयोगट, आणि ‘जवळच्या केंद्रात न जाण्याचं कारण, येणाऱ्याच्याच शब्दांत’. वर लाल शिक्का, ‘गोपनीय’. आणि हा गोपनीय कागद पाठवायचा कुणाकडे, तर ज्या केंद्राविषयी तक्रार आहे त्याच्याच टेबलावर. बाईंनी ती कारणं ‘अंतर’, ‘वेळ’ आणि ‘इतर’ अशा तीन खणांत घालून संचालकांना द्यायची, आणि संचालकांनी न वाचता सही करायची, अशी पद्धत होती.

त्या दिवशी बाई पेन घेऊन बसल्या. ‘तिथे समोरच माझ्या काकांचं दुकान आहे.’ इतर. ‘तिथला पंखा आवाज करतो.’ घ्या, पंख्यासाठी दोन तास प्रवास. इतर. मग चौथी ओळ आली. वयोगट सोळा ते एकवीस.

‘तिथे टेबलावर बसणाऱ्या बाई माझ्या घरातल्या आहेत. रविवारी जेवताना त्या आलेल्या मुलांच्या नकला करतात. सगळे हसतात. मलाही हसावं लागतं. माझी नक्कल कशी करतील ते मला माहीत आहे.’

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं. समोर एक मुलगा पाणी मागत होता, ते त्यांना दोनदा ऐकू आलं नाही.

सोळा ते एकवीस. थोरली वीस, धाकटा सतरा. बहिणीचे दोघे मुलगे एकवीस आणि एकोणीस, भाची सोळा. पाचही जण त्या खणात बसत होते. बाईंचं डोकं लगेच कामाला लागलं. बुधवारी उशिरा कोण येतं? धाकट्याचा क्लास एवढा लांब का असतो? भाची आजकाल जेवता जेवता फोन उलटा का ठेवते? अर्ध्या तासात त्यांचा तिघांवर संशय घेऊन झाला होता, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जिन्यावरून उलटं पाठवलेले सगळे आईबाप आता त्यांच्याच खुर्चीत येऊन बसले आहेत. त्यांना स्वतःची किळस आली. आजवर ती भावना त्यांनी दुसऱ्यांसाठीच राखून ठेवली होती.

कुणीतरी एक पोर दोन तास जायला आणि दोन तास यायला बसमध्ये बसतं, घरी काहीतरी थाप मारतं, आणि रविवारी समोर बसून हसतं. ते थांबवायचं असेल तर टेबल सोडावं लागणार, हे त्यांना संध्याकाळच्या आत कळून चुकलं. जिभेला लगाम घालून भागणार नव्हतं. पुन्हा नक्कल केली नाही तरी दारातून आत येताना त्या पोराला पहिलं तोंड त्यांचंच दिसणार होतं.

त्या तक्ता घेऊन संचालकांकडे गेल्या.

“चौथी ओळ वाचा.”

संचालकांनी वाचली. “कोण ही बाई?”

“या टेबलावर दुसरी कोण बसते?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. “मग ‘इतर’मध्ये घाला ना. वार्षिक अहवालात ओळी येत नाहीत, फक्त आकडे येतात. काळजी करू नका.”

आपल्याला वाचवायला हा माणूस इतक्या सहज तयार व्हावा, याचा बाईंना जितका राग आला तितका त्याच्या कात्रीचाही कधी आला नव्हता. “मला मागच्या खोलीत फायली लावायला द्या,” त्या म्हणाल्या. “नाहीतर दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाठवा. मुलं येतात त्या दाराशी नको.”

“अहो, तुमच्यासारखं टेबल सांभाळणारं कोण मिळणार मला?”

“ते बघा तुम्ही. आणि हा तक्ता यापुढे टेबलावर येऊ देऊ नका. तो पाठवणाऱ्यांनाही कळवा. उद्या दुसरी कोणी वाचेल आणि घरी जाऊन पोरांची झडती घेईल.”

“बदलीच्या अर्जात कारण लिहावं लागतं.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्याने लिहिलं, ‘मी या कामाला लायक नाही.’ संचालक म्हणाले, घरगुती अडचण लिहा, बरं दिसतं. बाईंनी अर्ज त्यांच्यासमोर सरकवला आणि सही होईपर्यंत हलल्या नाहीत. ड्रॉवरमधली यादी त्यांनी नव्या बाईंना दिली, चपलांच्या दुकानासकट सगळं समजावून सांगितलं.

रविवार आला. भाजीचं भांडं फिरलं.

“हं, या आठवड्यात काय नवीन?” मेहुणे म्हणाले.

“मी टेबल सोडलं.”

“का?” नवरा म्हणाला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

“मी तिथे येणाऱ्या मुलांची टिंगल करत होते. आठ वर्षं. ती पोरं जीव मुठीत धरून जिना चढायची आणि मी इथे बसून त्यांच्यावर तुम्हाला हसवायचे. ते घाणेरडं होतं.”

“अहो, गंमत ती,” मेहुणे हसत म्हणाले. “नाव कुठे घेत होतात?”

“नाव घेतलं नाही तरी ज्याचं त्याला कळतं. आणि तुम्ही आता हसू नका.”

मेहुण्यांचं हसू तोंडातच राहिलं. बहिणीने भांडं खाली ठेवलं.

“उद्यापासून तिथे दुसऱ्या बाई बसतील,” चिमटीबाई म्हणाल्या. “आपल्या ओळखीतल्या नाहीत. चांगल्या आहेत, मी बघितलंय. माझी बदली दुसऱ्या ऑफिसात झालीय, मी त्या इमारतीतसुद्धा नसेन आता. तिथे कोण आलं, कोण गेलं, ते मला कळायचा रस्ता नाही आणि मी विचारणारही नाही.”

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. आत्ता नजर वर केली असती तर त्यांना कळलं असतं. कुणाचा हात थांबलाय, कुणाचा चेहरा बदललाय, कोण श्वास रोखून बसलंय, हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि पाचही पोरं हातभर अंतरावर होती. त्यातलं एक त्यांचं स्वतःचंही असू शकत होतं. बाईंनी ताटाकडे बघत घास घेतला, मग दुसरा घेतला. समोरच्या बाजूने कोणीतरी हलक्या आवाजात पाणी मागितलं. आवाज कुणाचा ते त्यांना नक्की कळलं होतं, तरी त्यांनी वर न बघताच तांब्या पुढे सरकवला.