भागोजीचा उलटा राब

जमिनीच्या पोटातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी कुडपणच्या भागोजीची खात्री होती. आसपासच्या निम्म्या विहिरी त्याच्याच पहारीनं खणलेल्या. त्यामुळे त्याची सातवीतली लेक निशिगंधा भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लागली, की हा बिडी बाजूला ठेवून चुका काढायला बसे.

"वर पातळ कवच, त्याखाली प्रावरण, मधोमध गाभा. जसजसं खोल जावं, तसतशी उष्णता वाढते."

"खोटं हाय!" भागोजी गरजला. "पेरणीआधी शेतात पाला पसरून राब भाजतो तवा आग वर आन खालची माती गार. भर वैशाखात हिरीच्या तळाला माजं पाय बधिर व्हतात. कसली उष्णता न् काय!"

"बाबा, पृथ्वी फणसाएवढी धरली, तर तुझी हीर सालीच्या काट्यातसुद्धा शिरत नाय."

टोमणा झोंबला. पण खरी गोम वेगळीच होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पोरीला पोलादपूरला मामाकडे राहावं लागणार. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. चुलीपुढं बसून बोलायचं कुणाशी? पण एवढा मोठा गडी, हे सांगणार कुठल्या तोंडानं? मग असलं खोटंनाटं शिकायला पोरीला धाडणार नाही, असंच त्यानं जाहीर करून टाकलं.

"आन मी खालची आग दावली तर?" निशिगंधानं विचारलं.

"सरपनाबिगर? तर तुजी पेटी मी सोता डोक्यावर घेऊन पोलादपूरला जाईन!"

थंडीच्या दिवसांत महाडच्या बाजाराला जायचं निघालं, तेव्हा निशिगंधानं टेम्पोवाल्या इस्माईलचाचांच्या कानात काहीतरी सांगितलं. टेम्पो बाजारात न थांबता सव गावाकडे वळला. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाबद्दल भागोजीनं ऐकलं होतं. उन्हानं तापत असेल, म्हणून त्यानं ते सोडून दिलेलं.

सकाळच्या धुक्यात दात वाजत होते आणि कुंडातून वाफा निघत होत्या. भागोजीनं पाय घातला आणि "आई गो!" करून वर काढला. मग तो भिंतीमागं जाऊन चुलाण शोधू लागला. सगळीकडे फिरला, पण राखसुद्धा सापडेना.

"लाकडं हुडकतोस काय रे भागोजी?" इस्माईलचाचा पोट धरून हसत होते.

"देवाचं पानी हाय ह्ये," भागोजीनं शेवटची ढाल पुढं केली. "पुस्तकाचा काय संबंध?"

निशिगंधाचं तोंड एवढंसं झालं. देवाशी वाद कोण घालणार?

पण विहिरी खणणाऱ्याचा हात स्वस्थ बसेना. त्यानं बाही सारून तळ चाचपला. वरच्यापेक्षा तळाचं पाणी कढत होतं आणि दगडांच्या फटीतून बुडबुडे येत होते. एरवी कितीही थापा मारल्या असतील, पण जमिनीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

"उलटा राब हाय गो," तो पुटपुटला. "आग खालती, माती वर. हरलो मी."

मग मात्र स्वारी गळ्यापर्यंत बुडून बसली ती हाका मारल्या तरी निघेना.

जूनमध्ये मामाच्या दारात त्यानं डोक्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. वाटेत भेटेल त्याला "पाय जपून टाक रे, खाली आग हाय," असं बजावत आला होता. आता तो पाठ फिरवून पेटीची कडी उगाच चाचपत राहिला.

"बाबा, रडतोस?"

"छ्या!" भागोजीनं टॉवेलानं डोळे पुसले. "देवाचं पानी हाय गो. खालनं येतंय."