डावीकडे जड

महिन्याभरात तिसऱ्यांदा दादा वर्कशॉपच्या दारात येऊन तेच म्हणाला, "बारक्या, डावीकडे जड जातंय रे." आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तो बावीस वर्षं ट्रक चालवतोय, तिच्याच वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक आहे. मी पन्नाशी गाठली तरी त्याच्यासाठी बारक्याच, आणि तेही चारचौघांत. त्याची गाडी तिसऱ्यांदा आत आलेली पाहून बाकीच्या ड्रायव्हरांना आयतंच मिळालं. "सख्ख्या भावाची गाडी धड होईना," एकजण म्हणाला, "मग आमच्या गाड्यांचं देवच बघो." मी पाना आपटला.

राग दादावर होता तसा स्वतःवरही होता. पहिल्या दोन्ही वेळी मी काम उरकलं होतं. स्टिअरिंगचा पंप कण्हत होता, त्याच्या टाकीतल्या तेलावर फेस होता, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये हवा शिरली होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पहिल्यांदा मी पाइपची क्लिप आवळली आणि तेल भरलं. दुसऱ्यांदा फिल्टर बदलला. पण पुढची चाकं उचलून, नीट वेळ देऊन हवा काढायची ते काही केलं नाही. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर केलं असतं. घरच्या माणसाचं काम आपण नेहमी उद्यावर ढकलतो.

या वेळी मात्र मी हट्टालाच पेटलो. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली स्टँड लावले. जुनं तेल काढून टाकलं. पाइप एकेक करून हाताने चाचपत गेलो, तेव्हा चोर सापडला: टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपला, वळणाच्या मागच्या अंगाला, केसाएवढी चीर. तिथून तेल गळत नव्हतं, पण पंप ओढायला लागला की हवा आत जायची. पाइप बदलला, नवं तेल भरलं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने टाकीत बघत राहायचं. वर मी नेहमी तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरलाच बसवतो. फरक त्याच्याच हाताला कळला म्हणजे पुन्हा दारात येऊन कटकट नको.

"इंजिन बंद ठेव," मी खालून ओरडलो. "सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला दाबून धरायचं नाही."

"मला शिकवतोस होय?" दादा वरून म्हणाला. "तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून गाडी हाणतोय मी."

तो फिरवत होता आणि टाकीत बुडबुडे येत होते. आधी साबणाच्या पाण्यासारखा फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग एखाददुसरा. पातळी उतरली की मी तेल ओतत होतो. वीसेक फेऱ्या झाल्यावर तेल स्वच्छ दिसायला लागलं. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. पंपाचं कण्हणं थांबलं. शेवटी इंजिन बंद करायला लावलं आणि टाकीवर डोळे रोखून उभा राहिलो. आत हवा राहिली असेल तर इंजिन बंद होताच तेल वर चढतं. थेंबभरही चढलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी दादाला शिट्टी मारली.

गाडी खाली उतरवली. दादा आवारात एक फेरी मारून आला आणि काच खाली करून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "डावीकडे अजून जडच आहे."

"उतर खाली," मी म्हणालो. "उतर!"

मी स्वतः चालवून पाहिली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. एका बोटाने फिरावं इतकं ते स्टिअरिंग हलकं झालं होतं. तरी माझं समाधान होईना, म्हणून कपाटातून ताणकाटा आणला. त्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवून ओढायचं, किती किलोचा जोर लागतो ते काट्यावर दिसतं. डावीकडे चार, उजवीकडे चार.

"बघ," मी काटा त्याच्या नाकासमोर धरला. "आता गाडी खोटं बोलते का काटा?"

दादा उजव्या हाताने डावं मनगट चोळत होता. आणि मला एकदम आठवलं की मघाशी हवा काढताना वरून दर वेळी डावीकडे जाताना एक धाप ऐकू येत होती. मी ती ऐकली होती. पण माझे डोळे तेलात होते. महिनाभर माझे डोळे तेलातच होते.

मी ताणकाट्याचं एक टोक दाराच्या कडीला अडकवलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. "ओढ."

उजव्या हाताने त्याने चोवीस किलो ओढलं. डाव्या हाताने सात.

"काटा बिघडलाय," दादा म्हणाला.

"पुन्हा ओढ."

या वेळी सहा. मी त्याला आतल्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील. आधी नुसती बोटं बधिर व्हायची. मग एक दिवस हातातून कप सुटला."

"वहिनीला माहीत आहे?"

"विसळताना फुटला म्हणून सांगितलं." त्याने डाव्या हाताची बोटं मिटून उघडली. "तुझी शप्पथ बारक्या, मला वाटत होतं गाडीचाच दोष आहे. पंप आवाज करतच होता ना? तूच म्हणालास ना, हवा आहे म्हणून?"

म्हणालो होतो. दोन वेळा म्हणालो होतो, आणि दोन्ही वेळा तो घरी जाऊन निवांत झोपला असणार. तेव्हाच काम नीट केलं असतं तर महिन्यापूर्वीच त्याला डॉक्टरकडे नेता आलं असतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही.

दुरुस्ती झाली की मेकॅनिकने रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा आणि सही करायची, त्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. दादाने रजिस्टरवर हात ठेवला. "लिही की अजून हवा निघतेय. दोन-तीन दिवस गाडी इथे राहू दे. तेवढी विश्रांती मिळाली की हात येईल ताळ्यावर."

"आणि डॉक्टर?"

"उद्या जातो. नक्की."

मी लिहिलं. एवढ्या वर्षांत रजिस्टरमध्ये पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे गेला नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला वर्कशॉपमध्ये आला आणि उभ्या गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसला. मी आत डोकावलो तर इंजिन बंद, आणि हा एकट्या डाव्या हाताने स्टिअरिंग ओढत होता. घामाघूम झाला होता. स्टिअरिंग वीतभरही हललं नव्हतं. "व्यायाम करतोय," तो हसत म्हणाला. मला भयंकर रडू आलं. तोंड फिरवून मी ओरडलो की बॅटरी उतरेल, खाली ये. इंजिन बंद असताना बॅटरी कशी उतरेल, हेही त्याने विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर आला. सरळ माणूस आहे, पण त्यालाही वरून बोलणी बसत होती.

"तीन दिवस हवा काढताय? गाडी आहे का फुगा?" मग दादाकडे वळून म्हणाला, "तुम्ही असं करा, उद्या स्पेअर गाडी घ्या. सिमेंट भरून तयार आहे. घाटापलीकडे टाकून या."

"चालेल," दादा म्हणाला.

अगदी पटकन म्हणाला. स्पेअर गाडी जुनी, तिला पॉवर स्टिअरिंगच नाही. भरलेली गाडी, घाटातली वळणं, आणि डाव्या हातात सहा किलो. माझ्या खोट्या शेऱ्याने त्याला सांभाळलं नव्हतं, आणखी जड गाडीवर बसवलं होतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. गप्प बस, एवढंच त्या नजरेत होतं. लहानपणी काही फोडलं, सांडलं की तो माझ्याकडे असंच बघायचा आणि मी गप्प बसायचो. मी रजिस्टर उघडलं, परवाच्या शेऱ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: गाडीत दोष नाही. ड्रायव्हरचा डावा हात कमजोर आहे, तपासणी होईपर्यंत गाडी देऊ नये. सही केली आणि रजिस्टर सुपरवायझरच्या हातात दिलं.

त्याने ते दोनदा वाचलं. मग दादाला बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. दादा मान हलवत राहिला. शेवटी त्याने खिशातून किल्ली काढून दिली.

सुपरवायझरने लंबूला हाक मारली. हा लंबू आमच्याकडचा नवा ड्रायव्हर. तो उडी मारून दादाच्या गाडीत चढला, गाडी गेटबाहेर काढली आणि एका हाताने सहज डावीकडे वळवली. दुसरा हात त्याने खिडकीबाहेर टाकला होता.

दादा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं आता शिवी हासडेल. हासडली असती तर बरं झालं असतं.

"आवाज अजिबात नाही रे," तो म्हणाला. "काम चांगलं झालंय."

"दादा, मी येतो सोबत. आधी डॉक्टरकडे जाऊ, मग घरी."

"दुपारी जाऊ डॉक्टरकडे. घरी मी सांगतो. तू आलास तर ती घाबरेल."

पण तो एकटा गेला तरी वहिनी घाबरणारच होती. अकरा वाजत होते, आणि बावीस वर्षांत कामाच्या दिवशी अकरा वाजता तो कधी घरी गेला नव्हता. दार उघडल्याबरोबर तिला कळणार होतं.