अप्पांचा थांबलेला हात

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर पाच जणी दाटीवाटीने बसल्या होत्या, बाकीचे जमिनीवर, आणि दारात चपलांचा ढीग. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे लागले होते. पडद्यावर घरीच काढलेल्या जुन्या व्हिडिओत अप्पा अंगणात बसून खुर्चीचा मोडका पाय ठोकत होते. अप्पांना जाऊन चार महिने झाले होते.

"आता बघा हं," शेजारच्या काकू कुजबुजल्या. "आता हात वर करतील."

अप्पांनी मान उचलली, समोर बघितलं, उजवा तळहात वर केला आणि चित्र गचकलं. जरासं पुढे सरकलं, पुन्हा गचकलं. पडद्याच्या मधोमध एक गोल चक्र फिरू लागलं. त्यामागे अप्पांचा हात तसाच, जणू 'थांब' म्हणणारा.

"नववा दिवस! रोज इथेच!" लोकांनी तोंडात बोटं घातली.

"चक्र पाहिलंत?" लहरीमहाराज उठले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते मोबाइलची कव्हरं विकायचे. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सोयीने कुणालाच आठवत नव्हतं. "हा आत्म्याचा भोवरा आहे. आत्मा म्हणजे लहर. वायफाय म्हणजे लहर. लहरीत लहर मिसळली, की..." वाक्याचा शेवट सापडेना, म्हणून त्यांनी डोळे मिटले. मग रोजच्यासारखा टीव्ही बंद करून ते आईकडे वळले आणि हळूच म्हणाले, "माई, तुमचे मालक तुम्हाला अडवताहेत. जाऊ नकोस म्हणताहेत."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. परवा आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात घरातली धाकटी मुलगी उभी होती, हातात आईचा गरम दुधाचा पेला आणि गोळी घेऊन. तिला तो पेला महाराजांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. पण खोलीभर माणसं तिच्याविरुद्ध होती, आणि त्यांत सख्खा भाऊही होता.

माणसं पांगल्यावर ती आईपुढे बसली. "आई, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. झडप नीट मिटत नाहीये. ही तारीख गेली तर पुढची तीन महिन्यांनी. तेवढे दिवस तुझं हृदय तग धरेल याची खात्री ते देत नाहीत."

"ते नको म्हणताहेत गं," आई म्हणाली. दोन वाक्यांतच तिला धाप लागली. "चाळीस वर्षांत मी त्यांचा शब्द मोडला नाही. आता मोडू?"

"अगं, तो शब्द नाही, अडकलेला व्हिडिओ आहे!"

"मग दुरुस्त कर की," दादा मधेच म्हणाला. "नऊ दिवस करतेयस ना? झाला?"

ते खरं होतं. धाकटी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. निकाल विचित्र आला की घाबरायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तपासायचं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. तिने टीव्हीची वायर बदलली होती. टीव्हीशेजारचा छोटा प्लेअर बंद करून चालू केला होता. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवली होती. नेटवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी अकराला, आणि दोन्ही वेळा व्हिडिओ लोण्यासारखा चालला. शेवटी त्याने कागदावर लिहून दिलं, 'दोष आढळला नाही.' महाराजांनी तो कागद टीव्हीवर चिकटवला. "बघा, विज्ञानानेच हात टेकले!"

त्या दिवसापासून दादाही फुटला. अप्पांच्या जाण्याने तो कोलमडला होता. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी घेऊन महाराज तयारच होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गर्दी जमली. सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचं होतं आणि बॅग अजून रिकामी होती. महाराजांनी तांब्याची एक चकती टीव्हीवर ठेवली. आईने धाकटीचा हात धरला. "आज उठू नकोस. बस माझ्याजवळ."

धाकटी बसली. अप्पांनी मान वर केली, हात उचलला आणि थांबले नाहीत. "पुरे गं धाकटे," ते हसून म्हणाले, "ठेव तो कॅमेरा. ये इकडे, बस माझ्याजवळ." हात खाली आला, आणि ते पुन्हा खुर्ची ठोकू लागले.

खोलीत एकच गलका झाला. "सुटलं! सुटलं!"

"ताम्रचक्राने वाट मोकळी केली," महाराज गरजले. "पण एकवीस दिवस माईंनी उंबरठा ओलांडायचा नाही. ओलांडला, तर मी जबाबदार नाही."

आईने मान डोलावली. संपलं, धाकटीला वाटलं. हिला आपण आपल्या डोळ्यांदेखत गमावणार. ती कशीबशी उठून स्वयंपाकघरात गेली. रडायला तेवढीच जागा होती. पण गोळीची वेळ टळत होती, म्हणून डोळे पुसत तिने सवयीने दुधाचा पेला मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि बटण दाबलं.

"अरे, थांबलं! पुन्हा थांबलं!" बाहेरून आवाज आला.

ती चमकली. तिने ओव्हनचं दार उघडलं.

"चाललं!"

दार लावलं, बटण दाबलं.

"थांबलं!"

असं तिने तीनदा केलं. मग नजर वर गेली. ओव्हनच्या डोक्यावर वायफायचा डबा आपले हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता. दहा दिवसांपूर्वी दिवाणखान्यातल्या फळीवर अप्पांचा मोठा फोटो मांडायचा म्हणून दादानेच तो तिथून उचलून इथे आणला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आई, आत ये!" तिने हाक मारली. "सगळेच या. आई, हे बटण तू दाब."

आईने बटण दाबलं. दारातून टीव्ही दिसत होता. पाचेक सेकंद गेले आणि चित्र गचकलं, चक्र फिरू लागलं. आईने ओव्हन बंद केला. चक्र गेलं, अप्पा खुर्ची ठोकू लागले.

"आत्मा ओव्हनमध्ये उतरलाय!" महाराज ओरडले.

आई त्यांच्याकडे वळली. मग शांतपणे म्हणाली, "महाराज, चाळीस वर्षांत ते स्वयंपाकघरात पाण्याचा पेला विसळायलाही आले नाहीत. आता येऊन काय करतील?"

कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथेच महाराजांचा खेळ आटोपला. गर्दीतून वाट काढत ते चपला शोधू लागले.

धाकटीने सगळ्यांना सांगितलं. व्हिडिओ आतल्या कॉम्प्युटरवरून टीव्हीपर्यंत येतो तो वायफायच्या लहरींवर. दूध तापवणाऱ्या ओव्हनच्या लहरी जवळपास त्याच जातीच्या असतात. त्यातल्या थोड्याशा बाहेर झिरपतात. माणसाला त्याचा त्रास नाही, पण डबा अगदी डोक्यावरच ठेवला तर त्याचं बोलणं त्या गोंगाटात बुडतं. प्लेअरकडे काही सेकंदांची शिदोरी असते, ती संपली की चित्र अडतं. नेटवाला यायचा तेव्हा ओव्हन बंद असायचा, म्हणून दोष दिसला नाही.

"पण रोज त्याच जागी का गं?" काकूंनी विचारलं. "हात वर केला की बरोबर?"

धाकटीने आईकडे पाहिलं. हे सांगणं तिला सगळ्यात जड गेलं. "कारण रोज त्याच वेळी मी उठायचे. हात वर करून ते मला बोलवतात. त्या दिवशी मला कामाला उशीर झाला होता. 'नंतर येते' म्हणून मी निघून गेले. ते 'बस माझ्याजवळ' मला ऐकवत नाही. म्हणून ते वाक्य यायच्या आत मी दूध तापवायला इथे यायचे." तिने आईचा हात धरला. "अप्पांचा हात मीच अडवत होते, आई. नऊ दिवस. मीच."

दादाने ओव्हनवरचा डबा उचलला आणि गुपचूप जाऊन फळीवर ठेवला. अप्पांच्या फोटोसाठी त्याने भिंतीत खिळा ठोकला.

लोकहो, त्या घरात कुणी मूर्ख नव्हतं. ती माणसं दुःखात होती, आणि दुःखातल्या माणसाला कुठलीही खूण पुरते. पण खूण दिसली की हात जोडण्याआधी एकच विचारा: आधीपेक्षा आता काय बदललंय? आणि तेवढी एकच गोष्ट बदलून पुन्हा बघा. तेवढ्याला ना महाराज लागतो, ना चकती. आणि माणसाचा जीव पणाला लागलेला असेल, तर विचारायला एक दिवसही उशीर करू नका.

गर्दी पांगली. आईने पेला उचलला, गोळी घेतली आणि भिंतीवरच्या अप्पांकडे पाहिलं.

"दूध गार झालंय," ती म्हणाली. "राहू दे. बॅग भर आता. आणि उद्या माझ्याजवळ बस."