जप्ती करू नये

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी, सकाळी अकराला, बाबांनी डोळे न उघडताच आकडा लावला. "एक पॉइंट नऊ."

अतिदक्षता विभागातल्या चार नंबरच्या खाटेवर आकडा लावायचा हा धंदा आठ दिवस बिनबोभाट चालला होता. यकृताने हात टेकल्यापासून बाबांच्या अंगात पाणी साठत होतं. ते उतरवायच्या औषधांबरोबर मॅग्नेशियमही वाहून जायचं, आणि ते फार घसरलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती. म्हणून रोज सकाळी रक्त काढायचं, आकडा बघायचा, कमी भरला तर सलाइनमधून भरपाई करायची.

बाबा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली. रक्त मोजणारं यंत्र आपल्या तपासणीतून सुटतंय, हे त्यांना सोसवेना. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना कोंडीत पकडलं. डॉक्टर बिचारे खरं बोलून गेले, की मॅग्नेशियम बहुतेक सगळं हाडांत आणि पेशींत असतं, रक्तात अगदी नावाला. त्यामुळे रक्तातला आकडा ठीक दिसला तरी आत खडखडाट असू शकतो.

"म्हणजे दारातलं पोतं बघून गोदामाचा अंदाज बांधता," बाबा म्हणाले. "तो मलाही बांधता येईल."

तिथून मुलीशी पैज सुरू झाली. अंदाज एका दशांशाच्या आत आला तर बाबा जिंकले, नाहीतर मुलगी. हरणाऱ्याने कुणालाही न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगायची.

मुलगी लबाड होती. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर यायचा आणि बाबांचा चष्मा घरी राहिला होता. ती वाचेल तो आकडा. आठ दिवस बाबा ओळीने हरले. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत वजन भरावं म्हणून दोन तांबे पाणी पिऊन काट्यावर उभे राहिल्याचं त्यांनी कबूल केलं. जेवताना वाचते म्हणून तिच्यावर डाफरणारा हा माणूस तिच्याच कादंबऱ्या ऑफिसच्या फायलीत घालून वाचायचा, तेही शेवटचं पान आधी. ती पोट धरून हसली.

पण एकदा जरी हरली असती, तर तिला ती गोष्ट सांगावी लागली असती. तिच्याकडे एकच होती. नऊ वर्षांची असताना तिने बाबांच्या मखमली पेटीतलं दोनशे ग्रॅमचं सरकारी पितळी वजन उचललं होतं. पत्र्याची होडी किती भार पेलते ते बघायला. तलावात होडी वजनासकट तळाला गेली. तेव्हा काका त्यांच्याकडेच राहायचे, नोकरी नव्हती, म्हणून आळ आपसूक त्यांच्यावर आला. ते पिशवी उचलून निघून गेले. भाऊ भाऊ सहा वर्षं बोलले नाहीत, आणि नंतर बोलले ते कामापुरतं.

मोबाइलवर आकडा आला. एक पॉइंट नऊ. बरोब्बर.

"एक पॉइंट सहा," ती म्हणाली. "हरलात."

बाबांनी एक पिवळा डोळा उघडून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हरलो बुवा," ते म्हणाले. "मग ऐक. ते पितळी वजन तुझ्या काकाने नेलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. पण बोलून बसलो होतो, शब्द मागे घ्यायला जमलं नाही."

तिने उशी उगाचच सारखी केली. "मग कुणी नेलं?"

"ते सांगायची पाळी माझी नाही." त्यांनी डोळा मिटला.

तिने ठरवलं, उद्या आकडा काहीही येवो, आपण हरायचं.

दुसऱ्या दिवशी आकडा आलाच नाही. रक्त काढायला माणूस पोहोचायच्या आत हृदय थांबलं होतं.

सिस्टरने सामान हातात दिलं. घड्याळ, कवळी आणि आहाराच्या तक्त्याचा एक पाठकोरा कागद. कागद देताना त्या ओशाळल्या. बाबा रोज दुपारी त्यांना खरा आकडा विचारायचे आणि त्यांचाच चष्मा लावून लिहून ठेवायचे, मुलीला सांगायचं नाही या अटीवर.

कागदावर दोन रकाने होते. यंत्राचा आकडा आणि मुलीचा आकडा. शेवटच्या ओळीत एक पॉइंट नऊ, एक पॉइंट सहा. खाली निरीक्षकाचा तिरपा शेरा:

"काटा सदोष. फेरफार हेतुपुरस्सर. जप्ती करू नये."

तिला हसू फुटलं. शेजारच्या खाटेजवळच्या बाईने वळून पाहिलं, तशी ती तोंडावर हात ठेवून बाहेर आली.

बाहेर बाकावर काका बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन, घर सोडून गेले त्या दिवशी पायरीवर बसले होते तसेच. डोळे लाल. हसायला काय झालं, असं त्यांनी विचारलं. ती त्यांच्या शेजारी बसली. कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"काका," ती म्हणाली, "ते दोनशे ग्रॅमचं वजन मी नेलं होतं. होडीत ठेवून पाहिलं. बुडालं."