बावीस टोपल्या

मुकादम कामाला वाघ, पण त्याला कौतुकाची भूक भारी. डोंगरावरच्या त्या कॉफीच्या मळ्यात माथ्याला सगळे टक्कल म्हणत आणि पायथ्याच्या खोलगट तुकड्याला पोट. पोटातली झाडं मुकादमानं आणि त्याच्या बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेली, पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली. आता मालकांना कॉफी वाळवायला नवं खळं हवं होतं. या दोनपैकी ज्या तुकड्याची माती जास्त कमकस निघेल तिथली झाडं काढायची, असं त्यांनी सांगून टाकलं आणि माती तपासायला प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं.

बाईंनी आदल्या दिवशी येऊन दोन्हीकडच्या पाच-पाच झाडांना लाल फीत बांधली. उद्या इथलीच माती घेणार म्हटल्यावर मुकादमाला राहवेना. बाईंनी वाहवा करावी म्हणून पहाटेच उठून त्यानं पोटातल्या फितीच्या झाडांखालचा पालापाचोळा आणि त्याखालची काळी भुसभुशीत माती, सगळं खरवडून अंगणासारखं लख्ख केलं. आता बोला!

संध्याकाळी बाई माती घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. पालापाचोळा कुजून मातीत जो कस देणारा कार्बन साठतो, तो टकलावर भरपूर आणि पोटात नावालाच निघाला होता.

"ठरलं तर," मालक म्हणाले. "मुकादम, उद्यापासून पोटातली झाडं काढा."



"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "पावसाबरोबर चांगली माती उतारावरून खाली येते. खोलगट जागी साठते, ओल धरते. कार्बन खाली जास्त हवा. इथं माती काय चालत वर गेली?"

तोंड उघडावं तर तीस वर्षांची अब्रू जाणार, न उघडावं तर झाडं जाणार. मुकादमानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

"अहो, मुकादम!" मालकांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे खाली कमी का, ते कळलं," बाई म्हणाल्या. "पण वर जास्त कुठून आला?"

"मी नेला," मागून मुकादमाची बायको म्हणाली. "आपल्याकडे अशक्त झाडाला लाल फीत बांधतात, खत घालायचं म्हणून. टकलावर पाच फिती दिसल्या. आणि हे तर सोन्यासारखी माती ओढ्यात टाकायला निघाले होते. मग टोपल्या भरल्या नि नेल्या वर."

"किती टोपल्या?"

"बावीस."

"तो उभा चढ चढून? डोक्यावरून?"

"मग काय, डोंगर खाली येणार होता?"

 बाईंनी त्या माउलीचा हात हातात घेतला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

मग त्यांनी फिती नसलेल्या झाडांखालची माती नव्यानं घेतली. पोटात लोखंडी नळी मुठीपर्यंत सरसर गेली, टकलावर वीतभर गेली नि दगडाला अडली. अहवाल आला, पोट वाचलं. खळं टकलावर करायचं ठरलं.

"माझी पाच झाडं सोडून," मुकादमाची बायको म्हणाली. मालकांनी मुकाट्यानं मान हलवली.

आता मळ्यात पाहुणा आला की मुकादम त्याला आधी पोटात नेत नाही. तो उभा चढ चढवतो, पाहुण्याला धाप लागू देतो आणि खळ्याच्या कडेच्या पाच झाडांपाशी उभा करतो.

"बावीस टोपल्या," म्हणतो. "हिनं. एकटीनं."