विश्वासाची ओळ

दर्शनाने कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. पप्पांना जाऊन महिना होत आला होता. उद्या सकाळी कल्याणच्या चर्चमध्ये स्मरण-उपासना होती आणि त्यांचा जीवनपरिचय घरच्यांनीच वाचावा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. मसुदा मात्र पाळकसाहेबांनीच लिहून दिला होता. तिची आई मालन शेजारी बसून उद्याच्या जेवणासाठी लसूण सोलत होती.

"शांतवनभाऊंनी रेल्वेत फिटर म्हणून छत्तीस वर्षं नोकरी केली. एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी पहाटे येऊन त्यांनी मंडळीसाठी खुर्च्या लावल्या. प्रभूवर त्यांचा अढळ विश्वास होता..."

"तेवढं काढ," मालन म्हणाली.

"काय?"

"विश्वासाचं. ते खरं नाही."

दर्शनाला आधी हसूच आलं. "मम्मी, पप्पा साडेपाचला घर सोडायचे. अंगात ताप असताना पण गेलेले."

"खुर्च्या लावायला गेलेले." मालनचे हात थांबले नव्हते. "सुमित गेला त्यानंतर त्यांनी एकदाही प्रार्थना केली नाही. त्याच महिन्यात सांगितलेलं मला."

सुमित दर्शनाचा मोठा भाऊ. अठराव्या वर्षी मित्रांबरोबर खडवलीला गेला आणि नदीत बुडाला. दर्शना तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यानंतर कितीतरी दिवस मम्मी उंबऱ्याबाहेर पडली नाही, हे तिला आठवत होतं. भाजी पप्पा आणायचे. तिच्या वेण्याही तेच घालायचे. एक वर, एक खाली.

"मला चर्चमध्ये तेवढं बरं वाटायचं," मालन म्हणाली. "पण एकटीने जायचा धीर नव्हता. ह्यांना आत बसवत नव्हतं. दोन रविवार मला सोडून बाहेर पायरीवर बसून राहिले. मग तेव्हाच्या पाळकांना म्हणाले, मला काहीतरी काम द्या. हाताला काम असलं की येईन."

खुर्च्या लावून झाल्या की ते मालनला न्यायला परत ठाकुर्लीला घरी यायचे. प्रवचनाच्या वेळी कधी पाण्याच्या टाकीपाशी दिसायचे, कधी बाहेर गाड्या लावून घेताना. पप्पा सेवेत किती बुडालेत, असं दर्शनाला वाटत आलं होतं.

"लोक काय म्हणतील पण?"

"सगळं सांग असं मी कुठे म्हणते? नाही ते घालू नको, एवढंच. माणूस जन्मात खोटं बोलला नाही. आता उत्तर द्यायला नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं?"

दुसऱ्या दिवशी दर्शना माइकसमोर उभी राहिली. वाचता वाचता ती त्या ओळीशी आली. पहिल्या रांगेत मालन मांडीवर हात ठेवून बसली होती. दर्शनाने कागद खाली केला.

"पप्पा रविवारी दोनदा कल्याणला यायचे," ती म्हणाली. "एकदा खुर्च्या लावायला आणि एकदा मम्मीला घेऊन."

मागच्या रांगांत कुणीतरी हळूच हसलं. कुणीतरी नाक पुसलं. दर्शना जागेवर येऊन बसली.

उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेब म्हणाले, "छान वाचलंस. विश्वासाची ओळ तेवढी राहिली वाटतं."

"राहिली नाही," मालन म्हणाली. "मीच काढायला लावली."

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. काही विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं. पण त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मान हलवली.

दोघी रिक्षाने ठाकुर्लीला निघाल्या. पत्रीपुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. दर्शना म्हणाली, "आता पुढच्या रविवारी तुला कोण आणणार? मी येत जाऊ का?"

"कशाला? माझी मी येईन."

"जमेल एकटीला?"

"केव्हाचं जमतंय." मालनने वाऱ्यावर उडणारा पदर गुडघ्याखाली दाबून धरला. "तू दहावीत होतीस ना, तेव्हापासून."

दर्शना तिच्याकडे वळली. "मग पप्पांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घरी बसले असते ते," मालन म्हणाली.

पुढची रिक्षा हलली तशी त्यांचीही हलली.