ताटलीआडची झडप

मित्रांनो, मी एक झडप आहे. जुनी, काळी, मुठीएवढी. आष्टीकडच्या एका गावात अंगद नावाच्या माणसाची डिझेलवरची जीप आहे, तिच्या इंजिनाला मी चिकटलेली असते. मला ईजीआर म्हणतात. हे नाव कुणी प्रेमानं घेतल्याचं मला आठवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं एका साहेबांनी मला उघडून-मिटून पाहिलं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "ओके." माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. ते मी अजून पुरवून वापरते.

माझं काम साधं होतं. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या धुरातला एक घोट मी परत इंजिनाला पाजायचे. ऐकायला हे उष्टं पाजल्यासारखं वाटतं. पण त्या उष्ट्या घोटामुळं आतली आग जरा दबून राहते. आग फार भडकली की हवेतलेच वायू एकमेकांत मिसळून एक विखारी वायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना झोंबतो आणि छातीत बसतो. मी त्याला आतच आवर घालत होते. आता, न दिसणाऱ्या गोष्टीला आवर घातला म्हणून गळ्यात हार कोण घालणार!

अशी बरीच वर्षं गेली. अंगदनं बाजाराला माणसं नेली, शेळ्या नेल्या, एकदा तर नवरी आणि तिचं कपाट एकाच फेरीत नेलं. कपाटाला खिडकीजवळची जागा मिळाली. मी घोट पाजत राहिले. हळूहळू माझ्यावर काजळी साचली आणि मी अडखळू लागले. मला खोलून ब्रशनं घासलं असतं तर भागलं असतं. पण तेवढ्यात पप्पू आला.

पप्पू हा अंगदचा मित्र. धंदा मंडप-डेकोरेशनचा, इंजिनाचं शिक्षण मोबाईलवर. तेही अर्धंच, कारण व्हिडिओ संपायच्या आत त्याचं नेट संपायचं.

"काय बे अंगद्या, गाडीला तिचाच धूर पाजतोस?" तो म्हणाला. "तुला पाजला तर चालंल का?"

"मग काय करू?"

"ईजीआरच्या तोंडाला पत्रा ठोक. ॲव्हरेज असं वाढंल की पंपवाला घरी येऊन इचारंल, भाऊ आजारी हाय का म्हणून."

पत्रा काही सापडेना. शेवटी पप्पूनं न्हाणीजवळ वाळत पडलेल्या भांड्यांतून एक स्टीलची ताटली उचलली. आता आपल्याकडं आहेराचं भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच. ताटलीच्या मधोमध ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. मंगल हिस आसारामदादाकडून सप्रेम भेट'. मंगल ही अंगदची बायको आणि आसाराम तिचा भाऊ. पण भांड्यावरचं नाव लग्नातल्या भाषणासारखं असतं. असतं सगळीकडं, लक्ष कुणाचंच नसतं. पप्पूनं सपाट म्हणून नेमका मधलाच तुकडा कातरला, दोन भोकं पाडली आणि माझ्या तोंडावर आवळला. ताटलीची उरलेली कड उकिरड्यावर गेली.

मित्रांनो, तेव्हापासून मी कोंडले गेले. पलीकडून गरम धूर दार वाजवायचा, अलीकडं मी. मधे सप्रेम भेट. हलता येईना, बोलता येईना. समोर तीच अक्षरं, नाक लावून वाचत बसायचं.

गाडीत समोर पिवळा दिवा लागला. तो माझ्यासाठीच लागला होता. अंगदनं त्यावर मंगलची टिकली चिकटवली.

"गेला बघ दिवा," पप्पू म्हणाला.

ॲव्हरेजचं म्हणाल तर डिझेलच्या गाडीत असल्या पत्र्यानं फरक पडलाच तर नावापुरता पडतो. अंगदचं वाढलं, कारण ते वाढलेलं दाखवायच्या नादात तो उसाच्या ट्रॅक्टरमागं निमूट चालवू लागला. काळा धूर मात्र खरोखर कमी झाला, आणि तिथंच सगळे फसले.

जीप रोज सकाळी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गरम होत उभी राहायची. शेजारीच अंगदच्या आईची, दगडाबाईंची, बाज होती.

"अंगद्या, कावून ठसका लागतोय रं मला? डोळे लई चुरचुरत्यात."

अंगदनं धुराच्या नळीपुढं रुमाल धरला आणि आईला दाखवला. "बघ की, पांढरा फेक. धूर हाय कुठं?"

दगडाबाईंनी रुमाल बघितला आणि त्याच रुमालात खोकल्या.

अशात मंगलला ताटली आठवली. घरभर शोधलं. पप्पूनं उचललेली ताटली अंगदनं नीट पाहिलीच नव्हती, त्यामुळं त्याच्या डोक्यात काही आलं नाही. मग मंगल सासूला म्हणाली, "आत्याबाय, भांडी तुमीच घासलीती. माज्या भावाची ताटली गेली आसंल नांदूरघाटला, लेकीच्या घरी."

"मी चोर हाय व्हय गं?" दगडाबाईंनी लुगडी गाठोड्यात बांधली. "अंगद्या, काढ गाडी. आता लेकीकडंच ऱ्हाते. या घरात पाय ठिवणार न्हाई."

मी ताटली तोंडावर घेऊन ओरडत होते. इंजिनाला वाटलं, नेहमीची घरघर आहे.

जीप निघाली. समजूत घालायला म्हणून पप्पूही आला आणि वाटभर झोपला. दगडाबाई गाठोडं पोटाशी धरून खोकत होत्या. मांजरसुंब्याच्या अलीकडं चढावर माझ्या तोंडावरच्या पातळ तुकड्याची एक बाजू जळून वाकडी झाली. धूर फटीतून कुकरसारखा शिट्ट्या मारू लागला. गाडीचा जोर गेला, अंगदनं ती कडेला घेतली.

"पत्रा बदलावा लागंल," म्हणत पप्पूनं बोल्ट सोडले. तुकडा निसटला आणि धुळीत पडला, दगडाबाईंच्या पायाशी.

त्यांनी तो पदरात धरून उचलला, काजळी पुसली. "पप्पू, तू शिकलेला हायस. वाच."

"चि. मंगल हिस..." पप्पूनं खणखणीत सुरुवात केली. "आसारामदादाकडून..." पुढचं त्याला वाचवेना.

"सप्रेम भेट," अंगद जमिनीकडं बघत म्हणाला.

दगडाबाईंनी तुकडा गाठोड्यात खोचला. मग म्हणाल्या, "फिरव गाडी."

पत्रा न लावताच आम्ही परतलो. घरी दगडाबाईंनी तो तुकडा मंगलच्या हातावर ठेवला. मंगलनं वाचला, भोकांतून एकदा नवऱ्याकडं पाहिलं. सासूच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं आणि आत नेऊन जागेवर ठेवलं.

त्याच दिवशी दगडाबाईंनी बाजेवर बसून हुकूम सोडला. अंगद आणि पप्पूनं मला खोललं, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. अर्धा दिवसही लागला नाही. मी पुन्हा घोट पाजू लागले. गाडी आता अंगणाबाहेर गरम होते आणि दगडाबाईंचा ठसका थांबला आहे. पप्पू जेवायला आला की मंगल त्याला लोणचं त्या तुकड्यावरच वाढते. तेल भोकांतून त्याच्या पँटवर गळतं. तो बिचारा हूं की चूं करत नाही.

पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. परवाच पप्पू दगडाबाईंच्या पानाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन वाकवून बघत होता. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, आम्हाला कोंडू नका, घासा. आणि तो पिवळा दिवा कधीच विझला आहे, पण अंगदला ते ठाऊक नाही, कारण टिकली अजून तिथंच आहे. तुमच्या गाडीत कुठं अशी टिकली असेल, तर ती काढा आणि खाली काय जळतंय ते बघा.